मोरीपाशी थांबणारी गाडी

गाडी बंद पडायची ती मोरीपाशीच. अलीकडे नाही, पलीकडे नाही. गावाबाहेरचा चढ निम्मा झाला की रस्त्याखालून ओढ्याची मोरी जाते. तिथे आलं की ती जुनी पांढरी गाडी दोन आचके द्यायची, तिसऱ्यांदा पुढे सरकल्याचं नाटक करायची आणि मग गप्प. रुसलेल्या माणसाला निदान विचारता तरी येतं, बाबा काय झालं. हिला कोण विचारणार?

विचारणारी होती म्हणा एक. मागची सीट काढून मोकळ्या केलेल्या जागेत, दुधाच्या सात कॅनच्या मध्ये, एका फळीवर ती बसलेली असायची. गाडी ज्यांची, त्या घरची सून. दोन हात दोन झाकणांवर, एक पाय तिसऱ्या कॅनला टेकवलेला. लग्न होऊन आल्यापासून घरात सगळे तिला 'फौजदार' म्हणत, कारण काहीही झालं तरी तिचा पहिला शब्द 'का?'. दूध नासलं, का? कोंबडी लंगडते, का? शेजारीण आज बोलली नाही, का? सासूबाई म्हणायच्या, "हिला तोंड दिलंय ते प्रश्न विचारायला. जेवण आपलं जाता जाता."

"झालं! आली हिची जागा," नवऱ्यानं स्टिअरिंगवर हात आपटला आणि उतरून बॉनेट उघडलं.

शेजारच्या सीटवरून आबा उतरले. ते तिचे सासरे. गुडघे धरलेले असल्यामुळे त्यांचं उतरणं म्हणजे आधी एक पाय, मग दाराला हात, मग एक सुस्कारा आणि मग दुसरा पाय. ते गाडीच्या मागच्या बाजूला गेले, पेट्रोलच्या टाकीचं टोपण काढलं आणि त्यासाठीच जपून ठेवलेली गुळगुळीत काठी आत घालून बाहेर काढली. काठी जवळजवळ वरपर्यंत ओली.

"पेट्रोल आहे," आबा म्हणाले.

"अहो आबा, परवाच काठोकाठ भरलीय. पेट्रोल नसेल कसं?" नवरा पान्याच्या दांड्यानं पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ठोकत म्हणाला.

"तसं नाही. टोपण उघडलं की तिला बरं वाटतं."

"गाडी आहे ती, सासुरवाशीण नाही. माहेरचा वारा लागला की बरं वाटायला!"

नवरा हसला. मागे फळीवर बसलेली सूनही हसली. आबांनी टोपण लावलं, काठी जागेवर ठेवली आणि पुन्हा सुस्कारा टाकून आत बसले. नवऱ्यानं स्टार्टर मारमार मारला. खर्र खर्र करून शेवटी गाडीनं धूर ओकला आणि चालू झाली.

पण तोवर घड्याळ पुढे गेलं होतं. डेअरीचं गार करायचं यंत्र आठला दूध घेणं बंद करतं. ते पोचले आठ वाजून बारा मिनिटांनी. तपासनीस वाईट माणूस नव्हता. त्यानं सवयीप्रमाणे एका कॅनचं झाकण उघडून नाक आत घातलं, मग मान हलवली.

"दूध चांगलं आहे हो. थंडीत तुमच्या दुधाला पेट्रोलचा वास यायचा, तोही तुम्ही मिटवलात. पण वेळेचं काय करू? वरून लिहून आलंय. आजचं धरून दोनदा परत गेलं. तिसऱ्यांदा परत गेलं की तुमची लाइन दुसऱ्याला जाणार."

त्या वासाचं मिटवलं होतं सुनेनं, आणि त्याचं घरात मोठं कौतुक झालं होतं. टाकीचं तोंड कॅनच्या अगदी पाठीशी. वळणावर पेट्रोल हिंदकळायचं आणि टोपणाच्या कडेनं त्याचा वास दुधात शिरायचा. तिनं कॅनच्या झाकणाचं जुनं जाड रबर कापून टोपणाखाली बेतून बसवलं आणि वास बंद झाला. सासूबाईंनी ती गोष्ट सगळ्या गल्लीला दोनदोनदा सांगितली होती.

आता मात्र कौतुकाचे दिवस नव्हते. लाइन म्हणजे चाळीस घरांचं दूध. आबांनी ती सायकलवर दोन कॅन अडकवून सुरू केली, त्याला तीस वर्षं झाली. घरात जे काही होतं, गोठ्यावरच्या पत्र्यापासून सासूबाईंच्या चष्म्यापर्यंत, ते त्या लाइनमधून आलेलं. ती गेली की पांढरी गाडी कोंबड्यांना बसायला बरी, एवढाच तिचा उपयोग.

परत येताना दूध ज्याचं त्याला द्यायचं होतं. सकाळी जसं मोजून घेतलं तसं मोजून परत. ऊन चढलं होतं आणि दोन कॅनमधल्या दुधाला आंबूस वास यायला लागला होता. एका बाईनं भांडं पुढे धरलं, न बोलता आत नेलं आणि दार लावून घेतलं. दुसरी म्हणाली, "आमचं सकाळी चांगलं होतं हो." तिसऱ्या घरात म्हातारा बाहेर आला, गाडीकडे बघून म्हणाला, "सायकल होती तेव्हा कधी परत आलं नाही." सून माप भरत राहिली. दूध तिच्या कोपरापर्यंत ओघळलं, वाळलं, त्यावर माशा बसल्या. आबा गाडीतून उतरलेच नाहीत. सगळा वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसून राहिले.

त्यालाही कारण होतं. पहिल्यांदा गाडी मोरीपाशी थांबली तेव्हा आबा चालवत होते. नवरा म्हणाला होता, "तुम्ही चोक ओढून ठेवता, आबा. इंजिनात पेट्रोल तुंबतं." दुसऱ्यांदा थांबली तेव्हा म्हणाला, "तुमचा पाय जड पडतो." आणि तिसऱ्या दिवशी किल्ली खुंटीवर दिसली नाही, नवऱ्याच्या खिशात होती. त्या दिवशी आबांनी गाडी पुसली नाही, आणि गाडी घरात आल्यापासून हे पहिल्यांदा घडलं. किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली तरी गाडी मोरीपाशी थांबतच होती, पण एकदा चिकटलेला आळ गोचिडासारखा असतो, सहज सुटत नाही.

शनिवारी दूध लवकर पोचवून ते गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीची शेड म्हणजे तीन पत्रे आणि एक खड्डा. त्यानं गाडी चालू केली आणि तशीच ठेवून दिली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. गाडी मांजरासारखी गुरगुरत उभी.

"दवाखान्याच्या दारात आलं की दाढ दुखायची थांबते, त्यातली गत," मिस्त्री म्हणाला. "बरं, उघडून बघू."

त्यानं इंजिनाला बेतानं पेट्रोल पुरवणारा कार्बोरेटर सोडवून एका ताटलीत ठेवला. नवरा सावलीत जाऊन बसला. सून मात्र ताटलीवर वाकली. मुठीएवढी वस्तू, पण आत केवढा संसार! एक छोटी वाटी, वाटीत एक पितळी फुगा.

"हा कशाला?"

"पाण्याच्या टाकीत असतो ना फुगा, पाणी भरलं की नळ बंद करणारा? तेच काम. वाटी भरली की हा वर येतो आणि पेट्रोल थांबवतो. कमी झालं की खाली जातो आणि आत घेतो."

"आणि वाटीच रिकामी राहिली तर?"

"तर गाडी आचके देणार आणि थांबणार. तुमची थांबते तशी."

मिस्त्रीनं एक बारीक पितळी तुकडा फुंकून तिच्या हातात दिला. त्याच्या मधोमध सुईएवढं छिद्र. "उजेडाकडे धरा. आभाळ दिसतंय?"

तिनं एक डोळा मिटला. "दिसतंय."

"मग चोर इथे नाही."

एवढ्या छिद्रातून सात कॅन, तीन माणसं आणि एक अख्खी गाडी चढावर जाते, याचं तिला इतकं नवल वाटलं की तिनं तो तुकडा परत देताना दोनदा पुसला. मग मिस्त्रीनं पंपाची नळी सोडून बाटलीत धरायला लावली आणि स्टार्टर मारला. पेट्रोल चुळा भरल्यासारखं फचाक फचाक बाटलीत पडलं. म्हणजे पंपही ठणठणीत. नवऱ्याला संशय होता पेट्रोलमध्ये पाणी असल्याचा. तीच बाटली मिस्त्रीनं फळीवर ठेवून दिली. चहा पिऊन होईपर्यंत तळाला पाण्याचा थेंबही बसला नाही.

"मग उन्हाचंच काम आहे," मिस्त्री म्हणाला. "पंप तापतो, पेट्रोलची नळीतच वाफ होते. वाफ ओढून पंपाला काय मिळणार? गाडी थांबली की पंपावर ओलं फडकं टाका."

"पण येताना ऊन जास्त असतं," सून म्हणाली. "तासभर डेअरीच्या अंगणात तापत उभी असते. येताना एकदाही थांबली नाही. जातानाच थांबते, तेही सात-साडेसातला. का?"

मिस्त्री हात पुसता पुसता थांबला. त्यानं आधी तिच्याकडे, मग गाडीकडे पाहिलं.

"ताई, हे काही मला सांगता येत नाही बुवा."

आपल्या कामातलं 'मला येत नाही' असं तोंडावर सांगणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला, आणि तिला तो आवडला. जाताना मिस्त्रीनं पंपाच्या अलीकडे एक काचेसारखा पारदर्शक फिल्टर बसवून दिला. "आता निदान दिसेल तरी. गाडी थांबली की यात बघा. भरलेला असला तर खोट पुढे, रिकामा असला तर मागे."

रविवारी नवऱ्यानं नेहमीप्रमाणे टाकी काठोकाठ भरून आणली. जवळचा पेट्रोलपंप उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद झाला होता. पूर्वी दर दोन दिवसांनी थोडं थोडं भरायचे, आता शहरात जाऊन आठवड्याचं एकदम.

सोमवारी गाडी मोरीपाशी थांबली. नवऱ्यानं धावत जाऊन पंपावर ओलं फडकं टाकलं, वरून पान्यानं दोन ठोके दिले. आबांनी मागे टोपण उघडून काठी बुडवली. सुनेनं फिल्टरमध्ये पाहिलं, तो कोरडा. स्टार्टर, खर्र खर्र, आणि गाडी चालू. सात छप्पन्नला पोचले.

"बघितलंस? ओलं फडकं!" नवरा दिवसभर असा वागत होता जणू फडक्याचा शोध त्यानंच लावला.

संध्याकाळी सासू-सुना गोठ्यात धार काढत होत्या. सून गप्प होती, म्हणजे डोक्यात काहीतरी शिजत होतं.

"आई, फिल्टर कोरडा होता. टाकी तुडुंब. मग मधल्या मध्ये पेट्रोल अडतं कुठे? नळी तर मिस्त्रीनं फुंकून पाहिलीय."

"मला काय विचारतेस? मला गाडीतलं फक्त बसायचं कळतं."

"आणि अजून एक. सोमवार, मंगळवार, फार तर बुधवार. मग उरलेला आठवडा थांबत नाही. टाकी भरलेली असली की थांबते. रिकामी झाली की पळते."

"पोट भरलं की बसून राहायचं? मग तुझ्या सासऱ्यांवर गेलीय." सासूबाई स्वतःच्या विनोदावर इतक्या हसल्या की गाय दचकली. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "हे बघ, या काळीनं मागं दूध चोरलं होतं, आठवतं? तेव्हा तू वैरण बदललीस, पाणी बदललंस आणि धार काढायला मला बसवलंस, सगळं एकाच दिवशी. दूध आलं. पण कशानं आलं ते कळलं का? नाही कळलं. मी तुला तेव्हाच सांगितलं, एका दिवशी एकच गोष्ट बदलायची."

सुनेचे हात थांबले. गाईनं मान वळवून पाहिलं.

मोरीपाशी तेच होत होतं की! एक फडकं टाकतो, एक टोपण उघडतो, पान्याचे ठोके बसतात, सगळी घाई एकदम. गाडी चालू झाली की ज्याला ओरडता येतं त्याचं औषध खरं.

त्या संध्याकाळी ती घरोघर फिरली. "उद्या अर्धा तास लवकर धार काढा, एवढी एक सकाळ." काहींनी नाक मुरडलं, काहींनी गेल्या मंगळवारी परत आलेल्या दुधाचं ऐकवलं. तिनं ते मान खाली घालून ऐकलं. नवरा म्हणाला, "अर्धा तास तुझा, फौजदार. पण उद्या दूध परत आलं ना, तर या घराचं काय होणार ते तूच सांग सगळ्यांना."

मंगळवारी सात वाजता गाडीनं मोरीपाशी दोन आचके दिले, नाटक केलं आणि थांबली.

"कुणी कशाला हात लावायचा नाही!" सून मागून ओरडली. ती उतरली, नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. "आबा, तुम्ही बसा. टोपणाला हात नको. आधी फडकं."

नवऱ्यानं फडकं टाकलं. ओढ्यातल्या वाळलेल्या गवतातून वारा येत होता, एरवी सगळं शांत. पाच मिनिटं गेली. स्टार्टर मारला. काही नाही. फिल्टर कोरडा.

"अजून गार व्हायचा असेल."

"हात लावून बघा."

नवऱ्यानं हात लावला. पंप गारेगार होता.

"आता ठोके."

ठोके झाले. स्टार्टर झाला. बॅटरीचा आवाज जड यायला लागला. सात वाजून सतरा. नवऱ्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. "बास झाला तुझा खेळ! दूध तापतंय मागे!"

चाळीस घरांची भांडी, ते लागणारं दार, कोपरावरच्या माशा, सगळं तिच्या डोळ्यासमोर आलं. पण आता घाई केली तर पुन्हा काहीच कळणार नव्हतं, आणि न कळण्याचा तिला भीतीपेक्षाही जास्त राग होता.

"आबा," ती म्हणाली, "आता तुमचं."

आबा उतरले. एक पाय, दार, सुस्कारा, दुसरा पाय. ते मागे गेले आणि टोपण फिरवलं.

स्स्सऽऽ.

लांबलचक आवाज आला, कुणीतरी दातांतून श्वास आत ओढल्यासारखा. इतके दिवस स्टार्टरच्या आणि ठोक्यांच्या गोंगाटात तो कुणाला ऐकूच आला नव्हता. तिघंही जागच्या जागी उभे राहिले.

"मारा स्टार्टर!"

दोन गिरक्या झाल्या आणि फिल्टरमध्ये पिवळसर पेट्रोल फेसाळत आलं. गाडी चालू झाली.

"आबा, टोपण बघू."

आबांनी टोपण तिच्या हातात दिलं. आतल्या बाजूला काळं, जाड, घट्ट बसलेलं रबर. त्याच्या कडेला एक छोटी खोच होती, कापताना कात्री घसरली होती तिथली. तिची कात्री. तिचं रबर.

तेलाचा नवा डबा उघडताना दोन छिद्रं पाडावी लागतात, हे तिला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक होतं. एकच पाडलं तर तेल चार थेंब गळतं आणि अडतं. आत हवा जाईल तरच तेल बाहेर येईल. तिनं टाकीचं दुसरं छिद्र बुजवलं होतं. पंप ओढून ओढून थकायचा आणि आत हवा नसल्यामुळे पेट्रोल जागचं हलायचं नाही. टाकी रिकामी असली की आत मुबलक हवा, म्हणून गाडी पळायची. काठोकाठ भरली की मोरीपर्यंतच पुरायची. आणि येताना थांबत नव्हती, कारण डेअरीच्या उन्हात टाकी तापून आतली हवा फुगायची. सगळ्या 'का'ची उत्तरं एकदम आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ती नको वाटली. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. टोपण उघडलं की गाडीला बरं वाटतं, हे आबांनी सांगितलं तेव्हा ती हसली होती.

"काय झालं? चला!" नवरा पुढून ओरडला.

रबर तसंच ठेवलं तर गाडी पुन्हा थांबणार. काढून टाकलं तर भरलेल्या टाकीचा वास दुधात, आणि तपासनिसाचं नाक कुत्र्याचं. ती म्हणाली, "आबा, तुमचा चाकू."

आबांनी का म्हणून विचारलं नाही. खिशातला छोटा चाकू काढून दिला. तिनं त्याच घसरलेल्या खोचेपाशी रबराची तांदळाएवढी चकती कापून काढली, श्वासापुरती, आणि टोपण पुन्हा बसवलं. मान वर केली तर आबा तिच्याकडेच बघत होते. सगळं कळलं होतं त्यांना. त्यांनी चाकू मिटला, खिशात टाकला आणि पुढे जाऊन बसले.

सात एकेचाळीसला गाडी डेअरीच्या फाटकात होती. तपासनिसानं नाक आत घातलं, एक कॅन, दुसरा कॅन. तपासनीस सातव्या कॅनपाशी थोडा जास्त रेंगाळला, मग झाकण लावलं.

"घ्या आत."

रांगेत आणखी चारपाच दूधवाले होते. नवऱ्याची छाती फुगली. तो मोठ्यानं सांगायला लागला, "लागला छडा एकदाचा! काय आहे, आमचे आबा जुन्या वळणाचे. चोक ओढायचा तो ओढूनच ठेवायचा. त्यांच्या हातात राहून राहून गाडीची सवयच बिघडलेली. आता माझ्या हातात आली, रुळावर येईल."

दूधवाले हसले. आबा कॅनचं ओझं गुडघ्यावर तोलत खाली उतरवत होते. त्यांनी ऐकलं. आत्ता एक शब्द पुरला असता, 'सुनेला विचार' एवढाच. तो त्यांनी गिळला आणि कॅन जमिनीवर नीट ठेवला.

ते गिळणं तिच्याच्यानं बघवलं नाही.

"चोकचं काही नव्हतं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "टाकीच्या टोपणाला मी रबर बसवलं होतं. हवा जायला जागाच ठेवली नाही. म्हणून पेट्रोल येत नव्हतं. माझी चूक. आबांची नाही, गाडीची पण नाही. आणि टोपण उघडलं की बरं वाटतं हे आबा पहिल्या दिवसापासून सांगत होते. आपण दोघं हसलो."

तपासनिसानं चष्मा वर केला.

मग आबा हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग खांदे हलवत, मग डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "चोर सापडला," ते म्हणाले, "आणि तो फौजदारच निघाला!"

सगळी रांग हसली. तीही हसली, आणि हसता हसता तिनं घाईघाईनं डोळे पुसले.

रिकामे कॅन चढवून झाल्यावर नवरा बराच वेळ उगाच टायरला लाथा मारत उभा होता. मग त्यानं खिशातून किल्ली काढली, बॉनेटवर ठेवली आणि आबांकडे न बघता मागे जाऊन, कॅनच्या मध्ये, फळीवर बसला. उंचीमुळे त्याचे गुडघे कानाशी आले.

"इथे बसायला फार त्रास होतो गं," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली आणि पुढे आबांच्या शेजारी बसली.

आबांनी गाडी हळू चालवली. उतारावर मोरी आली तशी त्यांनी ती आपण होऊन बाजूला घेतली आणि बंद केली. उतरले, मागे गेले, टोपणाशी कान नेला आणि ते फिरवलं. काही आवाज आला नाही.

"आबा, मी हसले होते," ती खिडकीतून म्हणाली.

"हसलीस. आणि परत विचारलंस तेही तूच." आबा टोपण घट्ट लावून पुढे आले. "आता अजून काही विचारायचं असेल तर विचार. घरी गेल्यावर मला झोप येते."

तिनं डॅशबोर्डवरच्या काळ्या गोल दांडीकडे पाहिलं, जिच्यावरून एवढा आळ आला होता. "हा चोक. सकाळी ओढतात तो का?"

"का ते तोंडानं सांगून कळत नाही," आबा म्हणाले. त्यांनी तिच्या बाजूचं दार उघडलं, तिला सरकायची खूण केली आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "बस पलीकडे. आणि आधी ब्रेक कुठला ते विचार."

मागून नवरा म्हणाला, "आबा, मी उतरू का?"

"बसून राहा," आबा म्हणाले. "झाकणं धर."